झाकणाचे आटे

मध्यप्रदेश नवाच झाला होता. बुधवारा मोहल्ल्यात आमच्या यंत्रमागाच्या चाकांवरचं लोखंडी झाकण सारखं निखळायचं. भोकांतले आटे गेल्यामुळे स्क्रू धरत नव्हता. आम्ही विणकर, स्क्रूला सूत गुंडाळून कसायचो. एकदा चांदनी गावाहून एक मिस्तरी आले. त्यांचं नाव मला आजही ठाऊक नाही.

"सूत लपेटा अन् चालू करू द्या," वडील म्हणाले.

"आटे पाडल्याबिगर माग चालणार नाही." मिस्तरींनी चिमट्यानं भोकातलं सूत उपसलं. त्यात हिरवा धागा निघाला. "हा कशाचा?"

"माझ्या पदराचा," आई म्हणाली. "झाकण निखळलं तेव्हा ह्याच चाकात ओढला गेला होता. फाटला त्याचंच सूत गुंडाळलं."

मिस्तरी तेल सोडत नवे आटे पाडत राहिले. वडील माग चालू करायच्या बटणापासून उठले आणि एकेक जाड स्क्रू त्यांच्या हातात देऊ लागले.