मधल्या खोलीतलं आभाळ

सासूबाई विहिरीपाशी पडल्या, मांडीचं हाड मोडलं, आणि त्यामुळे दवनीवाड्याचं आमचं घर दुरुस्तीला निघालं. संडास-न्हाणी पार मागे सांदवाडीत, परसाच्या टोकाला, तिथवर त्यांना नेणार कोण? मुलंही मोठी होत होती. सासऱ्यांनी बांधलेलं मातीच्या भिंतींचं घर पुढून तसंच ठेवायचं, मागे दोन पक्क्या खोल्या आणि न्हाणी वाढवायची, मधल्या खोलीवर स्लॅब टाकायचा, असं नवऱ्याने ठरवलं. त्या खोलीत मुलांची अभ्यासाची जागा करायची, हे माझं ठरलं होतं.

धान घरात आल्यावर मिस्त्रीने मधल्या खोलीच्या छपरावरची कवेलू उतरवली. आत एवढा उजेड आला की खोली ओळखू येईना. जुन्या धुराखाली भिंतींचा निळा चुना दिसू लागला. पुढच्या खोलीत धूळ फार, म्हणून सासूबाईंची खाट आम्ही या उघड्या खोलीत हलवली.

पडल्यापासून त्या भिंतीकडे तोंड करून असायच्या. आता उताण्या पडून वर बघू लागल्या. बिरसीच्या विमानतळावरून उडालेली शिकाऊ विमानं घिरट्या घालायची. एका भिंतीवरून निघालेलं विमान दुसऱ्या भिंतीआड जाईपर्यंत त्यांची नजर हलायची नाही. "शिकून राहिलं वाट्टे," त्या म्हणाल्या, "घडीघडी तिथूनच जाते." शाळेतून आली की मुलं त्यांच्या कुशीला पडायची. मी भाजी निवडत बसायची आणि उन्हात डोळा लागायचा. मागचा विटा फोडल्याचा आवाज दूरच्या गावातून आल्यासारखा वाटायचा. संध्याकाळी आम्ही तिथेच वंदना म्हणायचो. आवाज वर जायचा आणि परत यायचा नाही.

एका दुपारी मिस्त्रीने स्लॅबसाठी फळ्या आणून टाकल्या. सासूबाई खाटेवर उठून बसल्या, कुणाचा हात न धरता. आपल्या मुलाला नाही, मला हाक मारली.

"हे कायले झाकून राहिले, पोरी?"

पाऊस आल्यावर काय करायचं, मी विचारलं.

"पाऊस आला तं सरकू."

मी नवऱ्याला म्हटलं, स्लॅब नको. तो चिडला, माझ्याशी बोलेनासा झाला. मातीच्या भिंती पावसात बसतील, असं मिस्त्रीही सांगत होता. शेवटी मिस्त्रीनेच तोड काढली. भिंतींना आतून विटांचं अस्तर दिलं, कडेने टिनाचा छज्जा काढला, फरशीला उतार देऊन नाली मागे सोडली. अभ्यासाचं टेबल मागच्या अरुंद खोलीत गेलं. तिथे मुलं एकमेकांना कोपर लागलं म्हणून रोज भांडायची.

होळीच्या सुमारास सासूबाई त्या उघड्या जागेत भिंत धरून चालू लागल्या, नंतर काठीने. नव्या न्हाणीत अंधार वाटते, अशी कुरकुर करत का होईना, आपापल्या जाऊ लागल्या.

नवऱ्याचा राग कधी गेला ते कळलं नाही. एका दुपारी तो शेतातून आला, मधल्या खोलीत आईच्या खाटेशेजारी चटई टाकली आणि आडवा झाला. चहा झाला तरी मी त्याला उठवलं नाही.