समोर रिकामी खुर्ची

गोव्यातल्या साखळी गावात आम्ही कॉलेजच्या मुलांची प्रार्थनासभा घेतो. मुलं येशूसाठी येतात की नंतरच्या चहापावासाठी, हे मी कधी विचारत नाही. त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर पेडण्याकडचा एक मुलगा मागे राहिला.

"सर, परत नापास झालंय. आता घरी कसो जाऊ?"

मी लगेच डोळे मिटून प्रार्थना सुरू केली. माझी प्रार्थना म्हणजे प्रत्येक थांब्यावर थांबणारी बस. त्याची परीक्षा, आईवडील, प्राध्यापक, सरकार, सगळ्यांना घेत मी एकदाचा आमेनला पोचलो. डोळे उघडले तर समोर रिकामी खुर्ची.

त्याचा फोन बंद. आधी नदीच्या पुलाकडे धावलो, मग बसस्टँडवर. तिथे तो बाकावर बसला होता आणि गावची बस त्याच्यासमोरून निघून जात होती. मी धापा टाकत शेजारी टेकलो.

"मी उठून गेलंय ता तुमका कळूक नाय."

"नाही कळलं, बाबा."

"आता परत प्रार्थना करतलात?"

"आधी तू बोल. मी डोळे उघडे ठेवतो."

माझ्या ओठांवर तीनदा उपदेश आला. तिन्ही वेळा गिळला. मग तो बोलू लागला.