पाणीवाल्यांचं एकच वाक्य

आमच्या स्कॅन विभागात एक तंत्रज्ञ आहेत, त्यांना पेशंट ‘पाणीवाले’ म्हणतात. हाडांच्या स्कॅनचं इंजेक्शन दिलं की तीन तास ते हात धुऊन माणसाच्या मागे लागतात. पाणी प्या, लघवीला जाऊन या, परत प्या. मी काचेच्या अलीकडे बसून रिपोर्ट टाइप करते. मी त्यांना म्हणायचे, “तुम्ही नळखात्यात जायचे, वाट चुकून इथे आलात.”

त्यांचा एक नियम होता. स्कॅन संपला की पेशंट त्यांच्या तोंडाकडे बघतो, काही कळतंय का म्हणून. बावीस वर्षं ते प्रत्येकाला एकच वाक्य सांगत आले, “चला, उठा पटकन, घरी जाऊन पोटभर जेवा.” चित्र स्वच्छ असो नाहीतर ठिपक्यांनी भरलेलं, आवाज तोच. मला राग यायचा. मरणाच्या दारातल्या माणसाला जेवायला काय सांगता? ते म्हणायचे, “काय ते उद्या डॉक्टर सांगतीलच. आजचं जेवण मी का काढून घेऊ?”

मग त्यांच्याच थोरल्या भावाला प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. वडील लवकर गेले तेव्हा या दादाने शाळा सोडली आणि लेथ मशीनवर उभं राहून धाकट्याला वाढवलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, हाडात पसरला नसेल तर ऑपरेशन करून काढून टाकू, पसरला असेल तर ऑपरेशनचा उपयोग नाही. आणि हाडांच्या स्कॅनमध्ये डाव्या बरगडीवर काळा डाग आला.

पाणीवाले हट्टाला पेटले. “गेल्या वर्षी दादा जिन्यावरून पडला, तीच बरगडी मोडली होती. हाड जिथे जुळून येत असतं तिथे हा स्कॅन काळं दाखवतो. त्याला फ्रॅक्चर काय नि कॅन्सर काय, सगळे घोडे बारा टक्के. पेट स्कॅन करा. त्यातलं औषध या कॅन्सरलाच जाऊन चिकटतं.” डॉक्टर तयार झाले.

त्या दिवशी त्यांनी दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. टेबलावर आडवं होताना दादा म्हणाले, “संपल्यावर मलाही जेवायला सांगशील ना रे?” आम्ही तिघंही हसलो.

चित्रं आली. त्यांनी दोन्ही स्कॅन शेजारी शेजारी लावले. बरगडी जुन्यात काळीकुट्ट, नव्यात काहीच नाही.

“बघा ताई, मी म्हणत नव्हतो?” त्यांचे डोळे भरून आले होते. मीही हात जोडले.

मग त्यांनी चित्र खाली सरकवलं. कमरेच्या जरा वर तीन मणके उजळले होते, औषध तिथे चिकटलं होतं. जुन्या स्कॅनमध्ये तीच जागा कोरी. त्यांनी जुनं पाहिलं, नवं पाहिलं, पुन्हा जुनं.

“डॉक्टरांना बघू द्या,” मी म्हटलं. “तुम्ही डॉक्टर नाही.”

“बावीस वर्षं हेच बघतोय हो.”

एका बरगडीसाठी भांडून आम्हीच हे ओढवून घेतलं, असं मला वाटलं. वेडेपणा आहे, पण अजून वाटतं.

ते आत गेले. माइक चालू होता, मला सगळं ऐकू येत होतं. मी त्या वाक्याची वाट बघत होते, जन्मात पहिल्यांदा. त्यांनी दादांच्या पाठीखाली हात घातला.

“हळू ऊठ, दादा. पाठीला झटका देऊ नकोस.”

दादा उठलेच नाहीत. छताकडे बघत म्हणाले, “म्हणजे पाठीत आहे.”