साळुंकी उडाली अन् शेवंता दिसंना

बायांनो, आजचं सांगितल्याबिगर मला चैन न्हाई पडायची.

मालक मुंबईला गिरणीत. थेरगावच्या घरात मी, सासरे अन् माझी शेवंता. सासरे सुनेशी बोलत न्हाईत, रीतच हाय. त्यांचा निरोप शेवंता आणती. आजा-नातीनं साळुंकीचं पिल्लू नाकतोडे भरवून वाढवलं. दोघं त्याच्याशी दिवसभर बोलायची, मी चुलीपाशी एकटी.

आज साळुंकी उडाली. शेवंता तिच्या मागं पळाली ती दिसंना. निरोपाला कोणच न्हवतं. सासरे दारात येऊन थेट म्हणाले, "सूनबाई, तू नदीकडं पळ. मी मळ्यात बघतो."

पोर बाभळीखाली रडत बसलेली. उचलून घरी आणली. सासऱ्यांनी तिला पोटाशी धरलं.

"शेवंते, आईला म्हणावं, आता घाबरू नको."

मी समोरच उभी होते. बायांनो, तुमचे सासरे बोलतात का गं तुमच्याशी?