कारी मोरली का गो?

जन्म ठाण्याचा, लग्न ठाण्यात, आणि बेचाळिसाव्या वर्षी घटस्फोट झाला तोही ठाण्याच्याच कोर्टात. एवढं असून हे गाव मला ठाऊक नव्हतं म्हटलं तर लोक हसतील. हसू देत. माझं माहेर तलावपाळीच्या मागे, सासर नौपाड्यात. मधलं अंतर रमतगमत चाललं तरी पंधरा मिनिटांचं. लग्नाची वरात मुद्दाम लांबच्या रस्त्याने फिरवली होती, नाहीतर वाजंत्री लागायच्या आत सासर आलं असतं. त्या पंधरा मिनिटांच्या पलीकडचं ठाणं मी संसारात कधी पाहिलंच नाही. सोमवारी देऊळ, एक दिवसाआड जांभळी नाक्यावर भाजी, दिवाळीला माहेर. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात. माझ्या नशिबी वळसासुद्धा नव्हता.

घटस्फोटाचं कारण सांगून टाकते, उगाच कुणाला रुखरुख नको. यजमानांचं कल्याणला दुसरं बिऱ्हाड होतं. साऱ्या नौपाड्याला ते ठाऊक होतं आणि मला ठाऊक आहे हेही साऱ्या नौपाड्याला ठाऊक होतं. सासूबाई होत्या तोवर मी तोंड मिटून राहिले. त्या गेल्या, आणि मग कायदा झाल्याचं कानावर आलं. कायदा इतका नवा होता की आमच्या वकिलांनी मला तीनदा विचारलं, ‘बाई, नक्की ना?’ तिसऱ्यांदा मी म्हटलं, ‘वकीलसाहेब, मी काय साडी परत करायला आलेय का?’ त्यानंतर त्यांनी विचारलं नाही.

निकाल लागला तेव्हा माहेरी आईवडील उरले नव्हते. थोरला दादा डोंबिवलीला राहत होता. तेव्हा डोंबिवली म्हणजे स्टेशन, देऊळ, चार आळ्या आणि बाकी सगळी भातशेतं. दादा म्हणाला, ‘मागची खोली रिकामी आहे. ये. वहिनीला मुलांचं आवरत नाही, तुझी मदत होईल.’ दादाचा जीव आहे माझ्यावर, पण मागची खोली ती मागचीच. तिथे गेले असते तर मरेपर्यंत मी ‘आमच्याकडे असते ती’ झाले असते. मला ठाण्यात राहायचं होतं. स्वतःच्या खोलीत, स्वतःच्या कुलपाच्या आत. मुलींच्या शाळेत शिवण शिकवायचं काम मिळालं होतं, म्हणजे पोटाचा प्रश्न नव्हता. प्रश्न खोलीचा होता. दादाने मुदत घातली, ‘अक्षय्यतृतीयेपर्यंत बघ. नाही मिळाली तर मुकाट्याने डोंबिवलीला यायचं.’

मी बघायला लागले. पहिल्या घरी मालकीणबाईंनी विचारलं, ‘यजमान कुठे असतात?’ ‘ठाण्यातच,’ मी म्हटलं, ‘त्यांच्या घरी.’ खोली तेवढ्यात त्यांच्या भाच्यासाठी राखून ठेवली गेली. दुसऱ्या घरी मालकांनी माझ्याकडे न बघता भिंतीला सांगितलं की आमच्याकडे कुटुंबवत्सल माणसं राहतात. तिसऱ्या घरी तर कमाल. खोली नाही म्हणाल्या, पण दारातून तशीच कशी पाठवायची म्हणून कुंकवाचा करंडा आणला आणि बोट माझ्या कपाळाजवळ नेऊन थांबल्या. ‘तुम्हाला लावायचं ना हो?’ विचारात पडल्या बिचाऱ्या. नवरा जिवंत, पण नवरा नाही. सवाष्ण म्हणावं तर पंचाईत, न म्हणावं तर त्याहून पंचाईत. मी म्हटलं, ‘लावा की. कपाळ माझंच आहे.’ बाहेर आल्यावर मात्र जिन्यात रडू आलं. रागाचंच होतं, पण रडू ते रडूच.

या पायपिटीचा एक फायदा झाला. घरं शोधता शोधता मला गाव सापडत गेलं. कारण ओळखीच्या आळ्या संपल्या आणि मी अनोळखी आळ्यांत शिरले. चेंदणीच्या कोळीवाड्यात दोरीवर वाळणारे बोंबील, नाकाला पदर न लावता, पहिल्यांदा जवळून पाहिले. स्टेशनासमोरच्या हॉटेलात एकटी जाऊन बसले, मिसळ मागवली आणि संपवली. पोऱ्याने दोनदा विचारलं, ‘मागून कोणी येतंय का?’ म्हटलं, ‘कोणी येत नाही, पाव आण.’ डोळ्यांतून पाणी काढणारी मिसळ होती ती! आपलं गाव इतकं झणझणीत असेल असं मला नौपाड्यात बसून कधी कळलं नसतं.

आणि असंच एकदा रूळ ओलांडले. आमच्याकडची माणसं रुळांपलीकडे जात नसत. तिकडे कोपरी, खाडी आणि मिठागरं. फाळणीनंतर आलेल्या सिंधी लोकांची वस्तीही तिकडेच झालेली. तिकडे कशाला जायचं? मी गेले. मिठाचे ढीग उन्हात असे पांढरेशुभ्र की डोळे मिटावे लागले. त्या वाटेवर एक कौलारू घर होतं, ओट्यावर एक साठीची बाई मीठ निवडत बसलेली. कासोट्याचं लुगडं गुडघ्यापर्यंत, हातात चांदीची कडी. घरची मिठागरं होती त्यांची, भातजमीनही होती, पण बसणं-उठणं मजुरासारखंच. मी पाणी मागितलं. तिने पाणी दिलं आणि विचारलं, ‘कोना शोधतंस?’

‘खोली,’ मी म्हटलं.

‘हाय. मागं हाय. बग.’

खोलीला स्वतंत्र दार होतं, चूल होती, परसात आंब्याचं झाड. मी प्रश्नाची वाट बघत उभी राहिले. यजमान कुठे असतात? तिने विचारलं, ‘मासली चालतं ना? आमी रोज रांधतांव.’ म्हटलं, मी खात नाही, पण वासाचं मला काही नाही. झालं. खोली मिळाली. तिसऱ्या दिवशी मी सामान घेऊन आले. तरी मनात एकच होतं. ही विचारणार, आज ना उद्या विचारणारच. आणि मी खोटं बोलणार नाही. मग ही चौथी खोली आणि त्याच्यापुढे डोंबिवली.

रविवारी दादाकडे जाऊन खोली मिळाल्याचं सांगितलं. वहिनीचं तोंड उतरलं. दादा म्हणाला, ‘कोपरीला? आगऱ्यांच्यात?’ मी म्हटलं, ‘मग काय झालं? त्यांनी मला घेतलं, तू कसला नाक मुरडतोस!’ त्याने हात टेकले. परत येताना डोंबिवली स्टेशनात उभी होते, तर समोरून कल्याणची गाडी आली. आजवर कल्याणचं नाव निघालं की मी विषय बदलत असे. त्या दिवशी काय मनात आलं, चढले. उतरून सरळ बाजारात गेले, दुर्गाडीच्या किल्ल्यावर गेले, खाडीवरचा वारा खाल्ला. छान गाव हो! जुनं, ऐसपैस, लोक बोलायला मोकळे. त्या गावाने माझं काय घोडं मारलं होतं? गावाचा राग धरून मीच उपाशी राहिले होते. तिथून मी एक चिनीमातीची बरणी घेतली, वरून पिवळी, खालून पांढरी. माझ्या संसारातली पहिली वस्तू कल्याणहून आली याची गंमत वाटून मी गाडीत एकटीच हसत होते. समोरच्या बाई सरकून बसल्या.

दुसऱ्या दिवशी परसातल्या झाडाच्या कैऱ्या मालकिणीने पाटीभर आणून टाकल्या. त्या मी फोडल्या, हळदमीठ लावलं, मोहरी फेसली, फोडणी गार करून ओतली आणि बरणीला दादरा बांधत होते. तेवढ्यात मावशी, मी तिला मावशी म्हणायला लागले होते, दारात येऊन टेकली. माझ्याकडे बघितलं, एकट्या गादीकडे बघितलं आणि म्हणाली,

‘कारी मोरली का गो?’

त्यांची बोली मला नवी होती. ‘कैरी मुरली का’ असं विचारते, एवढं मी समजले. म्हटलं, ‘आत्ता कुठे, मावशी! इतक्या लगेच थोडंच होतं. महिना तरी लागेल.’

‘लागतंच टाइम,’ ती मान डोलावत म्हणाली. ‘कोनी मोरली? त्यानं का तू?’

लोणचं कोणी घातलं हे काय विचारणं झालं? आणि ‘त्यानं’ कोणी? झाडावरून कैऱ्या उतरवणाऱ्या गड्याला म्हणत असेल. ‘तो काय करतो!’ मी म्हटलं. ‘मीच. सगळं माझ्या हाताने केलं.’

‘शाबास!’ मावशीने मांडीवर थाप मारली. ‘बायमाणसाचा हात पायजे तो असा.’ आणि उठून गेली. लोणच्याचं एवढं कौतुक करणारी मालकीण मला पहिल्यांदाच भेटत होती. मी खूश झाले.

पुढच्या दिवसांत तिची बोली माझ्या कानात बसत गेली. ती खाडीला ‘खारी’ म्हणायची, गाडीला ‘गारी’, माझ्या लुगड्याला ‘लुगरा’. एकदा म्हणाली, ‘आज खारीवर जातंय,’ तर मी खारी बिस्किटं सांगितली आणायला. हसून हसून तिचा ठसका जाईना. पण पहिल्या आठवड्यातलं बोलणं पुन्हा तपासून बघायचं मला सुचलं नाही. मी शाळेत जात होते, संध्याकाळी बंधाऱ्यावरून चालत होते, शेजारच्या सिंधीण बाईकडून पापड लाटायची वेगळी तऱ्हा शिकत होते. चैन होती. फक्त तो एक प्रश्न डोक्यावर टांगलेला होता. यजमान कुठे असतात?

वटपौर्णिमा आली. शाळेला सुट्टी. सात जन्म तोच नवरा मागायची मला काही निकड नव्हती, म्हणून मी उपास केला नाही, डाळभात लावला. ताटात घ्यायला म्हणून बरणी उघडत होते, तर ओट्यावर ओळखीचा आवाज आला. नणंद! नौपाड्याच्या वडाची पूजा आटोपून, नथ-शालू लेवून, रूळ ओलांडून वन्सं थेट इथे आल्या होत्या, आणि मला नाही, मावशीला हाक मारत होत्या. दार अर्धं लोटलेलं होतं. मी तशीच बरणी धरून उभी राहिले.

‘तुमच्या भाडेकरणीबद्दल सांगायला आले,’ वन्सं म्हणाल्या. ‘तुम्ही भोळी माणसं, तुम्हाला फसवलं असेल. तिचा घटस्फोट झालाय.’

‘काय झाला?’

‘घटस्फोट.’

‘कंचा घट? फुटला?’ मावशीला खरंच कळलं नव्हतं.

‘अहो, घट नव्हे! नवरा सोडला तिने. जिवंत नवरा. कोर्टात जाऊन!’

‘अगो बाय, म्हंजे कारीमोर!’ मावशी म्हणाली. ‘तसा बोल ना. तो तं तिनं मना पयल्याच आठवड्यात सांगितला. मी इचारला, कारी मोरली का गो, तं बोलली, मीच मोरली, माज्या हातानं.’

बरणी माझ्या हातातून सुटलीच असती. काडीमोड! कारी म्हणजे काडी. गाडीची गारी, खाडीची खारी, तशी काडीची कारी आणि मोडलीची मोरली. गवताची काडी मधोमध मोडायची आणि नवरा-बायकोने आपापल्या वाटेने जायचं, ही त्यांच्यातली जुनी रीत मी ऐकून होते. म्हणजे महिनाभर मी ज्या प्रश्नाला भीत होते तो मला केव्हाच विचारून झाला होता. मी उत्तरही दिलं होतं, आणि त्यावर शाबासकीसुद्धा घेतली होती. लोणचं समजून!

‘आणि तरी तुम्ही ठेवलीत?’ वन्संचा आवाज चढला. ‘तुमच्या घरात चालतं हे?’

‘चालतं म्हंजे?’ मावशीचा आवाज चढला नाही. ‘माजी पन मोरलेली. पयला दारू पिऊन मारायचा. पंचांसमोर मोरली न बापाच्या घरी आयली. ह्यो घर दुसऱ्याचा. लय चांगला मानूस होता. पोरा झाली, मिठागर झाला. तुजी वहिनी तं नुसती एकटी रहातंय, कोनाचा काय घेतंय?’ मग अगदी मायेने म्हणाली, ‘उपासाची दिसतंस बाय. पानी पी न जा. ऊन लय हाय.’

वन्सं पाणी न पिता गेल्या. त्यांच्या नथीचा झोका वळणावर दिसेनासा होईपर्यंत मी फटीतून बघितलं. मग मी दार सताड उघडलं. मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं, त्यातलं आधी कोणतं येऊ द्यावं कळेना. मावशी तिच्या जागेवर सुपातलं मीठ निवडत बसली होती, काही घडलंच नाही अशी.

‘ऐकलास?’ तिने मान वर न करता विचारलं.

‘ऐकलं.’

‘तू बोललीस महिना लागंल. झाला ना महिना?’

मी बरणी ओट्यावर ठेवली, एक फोड काढून तिच्या तळहातावर दिली. तिने ती चावली, एक डोळा मिटला, आणि मला विचारलं, ‘बग, मोरली का?’

‘मोरली, मावशी,’ मी म्हटलं. ‘पार मोरली.’