सोपानचं दुसरं बारसं

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशीही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि ओळखीच्या माणसांसमोर माझी जीभ रेटत नाही, हे पुढे कळेलच.

नव्वदच्या दशकात निरगुडसरला माझं व्हिडिओ सेंटर होतं. पत्र्याची शेड, रंगीत टीव्ही, व्हीसीआर, खाली सतरंज्या. रविवारी दुपारी इंग्रजी पिक्चर लावायचो आणि माईक घेऊन मराठीत सांगत बसायचो. इंग्रजी मलाही फारसं कळायचं नाही, ठोकून द्यायचो. लोक पिक्चरपेक्षा माझं बोलणं ऐकायला येतात असं मला वाटायचं — अजून वाटतं, खोड जात नाही.

गावातला सोपान डिंभ्याच्या धरणात मासे धरायला जायचा. एका पावसाळ्यात त्याची होडी उलटली. होडी सापडली, तो नाही. आठ दिवस शोधलं आणि मग जाणत्यांनी घाई केली — दर्भाचा पुतळा जाळला, दहावा घातला. पिंडाला कावळा लगेच शिवला. सुटला बिचारा, असं मीही म्हणालो. आणि पंधरा दिवसांनी सोपान लंगडत एसटीतून उतरला! धरणापलीकडच्या एका वाडीत, मोडका पाय बांबूच्या कामट्यांत बांधून पडून होता. त्या पावसात निरोप कोण आणणार?

दिवस घातलेला माणूस घरात घ्यायचा कसा? भटजींनी तोड काढली — पुन्हा बारसं करायचं. चाळिशीच्या बाप्याला पाळण्याखालून काढलं, म्हाताऱ्या आत्याने कानात नाव सांगितलं, सोपान. बायकोने पुन्हा कुंकू लावलं. गाव हसलं, जेवलं. मिटलं होतं सगळं.

मग माझ्याकडे ती कॅसेट आली. मेलेली माणसं मातीतून उठतात, पाय ओढत चालतात. झॉम्बी हा शब्द मला तरी कुठे ठाऊक होता? मी मुडदा म्हणायचो. सोपान बायकोशेजारी सतरंजीवर बसला होता. टीव्हीवर एक लंगडा मुडदा आला — आणि मी काय केलं असेन? माईकवर ओरडलो, "ह्यो बघा आपला डिंभ्याचा मुडदा! सोताच्या दहाव्याचं जेवून आलाय!" शेडभर लोक मागे वळून सोपानकडे बघत हसले. सोपानही हसला. त्याची बायको उठून गेली.

त्या दिवसापासून तो मुडदा. दुकानात, पारावर, सगळीकडे. लेकीला बघायला आलेल्या पाव्हण्यांना कुणीतरी पत्ताही 'मुडद्याचं घर' असाच सांगितला. ते चहा न घेता गेले.

एकदा तो शेडवर आला. "भाऊ, तुमी मायकावर एकदा मला सोपान म्हना. तुमचं लई ऐकत्यात लोकं. बाकी काय नगं."

"म्हणतो की राव, त्यात काय एवढं," मी म्हणालो.

पुढच्या रविवारी तो धुतलेला सदरा घालून आला. पिक्चर संपेपर्यंत बसला. मी म्हणालो नाही. का? माझाच विनोद मी मागे कसा घ्यायचा — एवढंच कारण. याहून मोठं काही असतं तर बरं झालं असतं.

पुढे केबल आली, शेड बंद पडली. हिंदीत डब केलेले पिक्चर बघून पोरं त्याला झॉम्बी म्हणू लागली. शब्द पोरांचा, पण सुरुवात माझी.

काही वर्षांनी सोपान खरोखर गेला. दहाव्याला नदीकाठी पिंड ठेवला. कावळे झाडावर होते, खाली एकही येईना. मुलगा म्हणाला, आयला सांभाळीन. त्याचा भाऊ म्हणाला, तुझ्या लेकीकडं बघीन. एकेक जण हात जोडून त्याची इच्छा विचारत होता. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "आरं, परत येतोय का काय बघा." लोक हसले. मी — मीही हसलो.

त्याला काय हवं होतं, हे तिथं मला पक्कं ठाऊक होतं. पुढे व्हायचं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचं — सोपान. चार पावलं होती. त्याच्या बायकोने एकदा माझ्याकडे बघितलं. मी चपला शोधू लागलो.

शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. मग पंगत बसली. मी पोटभर जेवलो.