खांदा

देवणीच्या बैलबाजारात तो मला एकदाच भेटला. दलाल होता, डोक्याला लाल रुमाल. बाकीचे दलाल आधी बैलाचे दात बघत. हा मात्र आधी खांद्यावरून तळहात फिरवायचा, तापलेल्या लेकराच्या कपाळावरून फिरवावा तसा.

टपरीवर चहा पिताना मी मोबाइलवर बातमी बघत होतो. कुठल्याशा दूरच्या देशात, लोकांना नको असलेल्या लढाईसाठी सक्तीची सैन्यभरती चालली होती. ती नको म्हणून हजारो माणसं भर रस्त्यात बसली होती.

"भित्रे लेकाचे!" मी मोठ्यानं म्हणालो.

शेजारून तो वाकून बघू लागला. "काय करायलेत हे?"

मी सांगितलं. त्यानं बशीतला चहा सावकाश संपवला.

"सायेब, औताला जुंपलेला बैल खाली बसला की मालक म्हणतो, बैलच बसका हाय. मारतो, शेपूट पिरगाळतो. मी आधी जू उचलून बघतो. लई येळा खाली खांदा सोलून निघालेला असतो."

उठता उठता त्यानं माझ्याही खांद्यावरून तळहात फिरवला.

"तुमचा साफ हाय," म्हणाला, आणि पुढच्या बैलाकडे गेला.